लिव्हरवर गाठ निघाली म्हणजे लगेच ऑपरेशन नव्हे

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आजकाल पित्त वाढलं, पोटात दुखलं की लगेच सोनोग्राफी होते आणि रिपोर्टात 'हिमॅन्जिओमा' असं काहीतरी निघतं, की घरात रडारड सुरू. आमच्या इथे पूर्व भागात एका विडी वळणाऱ्या ताईंचं हेच झालं, गाठ जेमतेम तीन सेंटिमीटरची पण कुणीतरी कानात घातलं की कॅन्सर आहे, काढून टाका, आणि त्यांचे यजमान पाटल्या गहाण टाकायला निघाले!

ही गाठ म्हणजे रक्ताने भरलेलं रक्तवाहिन्यांचं जाळं. लिव्हरच्या साध्या गाठींमध्ये हीच सगळ्यात कॉमन, बायकांत जास्त. हिचा कॅन्सर होत नाही आणि बहुतेकांना आयुष्यभर त्रासही होत नाही. सोनोग्राफीत शंका राहिली तर कॉन्ट्रास्ट (म्हणजे शिरेतून सोडायचं रंगासारखं औषध) देऊन सीटी नाहीतर एमआरआय करतात, त्यात रंग गाठीच्या कडेकडून आत भरत जाताना दिसतो, तीच हिची खूण. सुई घालून तुकडा काढणं शक्यतो टाळतात कारण रक्तस्राव होऊ शकतो.

मग ऑपरेशन कुणाला? गाठ मोठी आहे आणि दुखणं थांबतच नाही, गाठ भराभर वाढतेय, फुटली, प्लेटलेट कमी व्हायला लागल्या, किंवा ती नक्की कसली हेच कळत नाही, त्यांना. नुसता आकार बघून नाही. आणि दुखण्याचं कारण पित्ताचे खडे किंवा अल्सर नाही ना हे आधी बघायलाच पाहिजे, नाहीतर गाठ जाते आणि दुखणं तसंच राहतं.

ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी मात्र घाबरून टाळू नये. गाठीभोवती बऱ्याचदा पातळ पदर असतो, त्यातून ती सोलून काढता येते, चांगलं लिव्हर वाचतं. रक्त कमी जावं म्हणून लिव्हरकडे येणाऱ्या रक्तवाहिन्या साधारण १५ मिनिटं दाबून धरतात, ५ मिनिटं सोडतात, परत दाबतात. या रक्तवाहिन्या दाबून धरायची प्रिंगल नावाच्या सर्जनने १९०८ साली मांडलेली पद्धत आजही चालते. पण हे काम लिव्हरच्या ऑपरेशनचा हात बसलेल्या सर्जनकडेच करावं.

सोनोग्राफीवाल्यांना आणि डॉक्टरांना हात जोडून विनंती आहे, रिपोर्ट हातात देताना दोन वाक्यं पेशंटच्या भाषेत सांगा, मराठी, तेलुगू, कन्नड जी असेल ती. आणि संपादक साहेब, तुमच्या आरोग्याच्या पानावर एखाद्या लिव्हर सर्जनकडून यावर सविस्तर लिहून घ्या.

आपला,
एक वाचक, सोलापूर