इथिओपियातून क्रॉस आणायचा तर नवाच आणा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला इथिओपियाच्या सहलीवरचा लेख वाचला, छान होता, फोटो तर एकदम मस्त, पण खरेदीच्या चौकटीत "जुना अँटिक क्रॉस हाती लागला तर सोडू नका, भरपूर घासाघीस करा" असं जे छापलंय ते वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय. मुंबईहून अदिस अबाबाला थेट विमान आहे, आफ्रिकेत नोकरीधंद्याला जाणारी आपली कितीतरी माणसं तिथे विमान बदलतात, हाताशी थोडा वेळ असतो, घरच्यांसाठी काहीतरी न्यायचं असतं, आणि असा सल्ला वाचलेला असला की मग झालंच. माझे मिस्टर तिकडे कॉलेजात शिकवायला होते त्यामुळे ही दुकानं, बाजार थोडेफार माहितीचे आहेत.

माझं म्हणणं एवढंच की क्रॉस जरूर आणा, त्याच्यासारखी दुसरी आठवण नाही, पण नवा आणा आणि पावती घेऊन आणा. "जुना" म्हणून जो पुढे केला जातो तो एकतर जुना नसतोच, धुरावर नाहीतर पॉलिशने काळा केलेला असतो, कडा मुद्दाम घासलेल्या असतात आणि दुकानदार आवाज खाली करून "चारशे वर्षांचा आहे मॅडम" सांगतो. तो खोटा असला तर पैसे गेले, विषय संपला. खरा असला तर मात्र जास्त वाईट, कारण खरा जुना क्रॉस कुठल्यातरी चर्चचा असतो आणि तिथले पुजारी तो सहसा आपणहून बाजारात नेऊन विकत नाहीत.

उत्तरेकडच्या लालिबेला गावाचंच बघा ना. खडकात कोरलेली अकरा चर्च तिथे आहेत (त्यातली काही आपल्या कैलास लेण्यासारखी वरून खाली कोरत आणलेली, म्हणून वेरूळ पाहिलेल्या माणसाला तिथे फार लवकर आपलंसं वाटतं), त्यातल्या बेते मेदहने आलेम या सगळ्यात मोठ्या चर्चमधला आफ्रो आयगेबा नावाचा क्रॉस 1997 साली चोरीला गेला. आजारी माणसाला या क्रॉसचा स्पर्श झाला की बरं वाटतं अशी लोकांची श्रद्धा, त्यामुळे गावावर केवढी अवकळा आली असेल. तो निघाला बेल्जियममधल्या एका संग्राहकाकडे, आणि परत यायला 2001 उजाडलं. एवढा नावाजलेला क्रॉस जर देशाबाहेर जाऊ शकतो तर खेड्यातल्या बिननावाच्या क्रॉसचं कोण विचारतंय. त्यात 2020 ते 2022 उत्तरेकडच्या तिग्राय प्रांतात युद्ध झालं, तेव्हा मठ-चर्चमधून हस्तलिखितं, क्रॉस लुटले गेल्याच्या आणि मग तसल्या वस्तू ऑनलाइन विकायला लागल्याच्या बातम्या येत होत्या. आता कोणी बाजूला घेऊन जुना क्रॉस दाखवला तर तो कुठून आला असेल हे तुम्हीच ठरवा.

शिवाय हे बेकायदा आहे ते वेगळंच. जुन्या वारशाच्या वस्तू परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत असा इथिओपियाचा 2000 सालचा कायदा आहे, आणि अदिसच्या बोले विमानतळावर स्कॅनमधे धातूचा क्रॉस किंवा चामड्यावरची पोथी दिसली की बॅग उघडायला लावू शकतात. आपल्याकडेही पुरातन वस्तूंचा 1972 चा कायदा आहेच, शंभर वर्षांपूर्वीची मूर्ती कोणी परदेशी पाहुणा बॅगेत घालून निघाला तर आपण काय म्हणू?

आणि या बाबतीत आपण मुंबईकरांनी तर जरा जास्तच जपून बोलावं असं मला वाटतं. 1868 साली ब्रिटिशांनी इथिओपियाचा सम्राट तेवोद्रोसवर जी स्वारी केली ती मुंबईहूनच निघाली, सेनापती नेपिअर मुंबई इलाख्याच्या फौजेचा, हत्तीसुद्धा इथून जहाजाने नेले, आणि खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या युद्धसन्मानांत ॲबिसिनिया (म्हणजे इथिओपियाच) हे नाव आजही आहे. तेवोद्रोसचा मकदलाचा किल्ला पडला, तेवोद्रोसने आत्महत्या केली आणि मग किल्ल्यावरची लूट, म्हणजे हस्तलिखितं, मुकुट, सोन्याचा चषक, क्रॉस, हे सगळं उतरवायला 15 हत्ती आणि जवळजवळ 200 खेचरं लागली. खाली मैदानात दोन दिवस लिलाव चालला आणि पैसे सैनिकांत वाटले. त्यातलं बरंच काही आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधे आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधे आहे. हेच ते व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट ज्याने 2024 मधे साताऱ्याला वाघनखं पाठवली, तीही परत केली नाहीत, उसनी दिली. (ती खरी की खोटी हा वाद वेगळा, त्यात मी पडत नाही.) इथिओपियालाही 2018 मधे त्यांनी हेच सांगितलं, वस्तू देतो पण दीर्घ मुदतीसाठी उसन्या. वाघनखांच्या वेळी "उसनी कशाला, आमचीच आहेत ना" असं आपल्याकडे किती जण म्हणत होते आठवा, आणि मग तीच माणसं अदिसच्या बाजारात अँटिक क्रॉस शोधत फिरणार का?

आता नवा घ्यायचा म्हणजे काय घ्यायचं. ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात, गळ्यातला, पुजाऱ्याच्या हातातला आणि मिरवणुकीत काठीवर लावायचा. मिरवणुकीचा पितळेचा नाहीतर पांढऱ्या धातूचा, मेणाचा साचा करून ओतलेला असतो, खाली काठी जायला पोकळ नळी आणि नळीच्या दोन बाजूंना दोन कड्यांसारखे हात, त्यात रंगीत कापड अडकवतात, म्हणजे भिंतीवर लावलात तर ते हात का आहेत हे पाहुण्यांना सांगता येईल. हातातल्या क्रॉसला खाली चौकोनी पाटी असते, पुजारी तो पुढे धरतो, लोक कपाळाला लावतात, ओठांना लावतात. या क्रॉसवर येशूची मूर्ती सहसा नसते, नुसती जाळी, एक रेघ दुसरीच्या खालून वरून जात परत स्वतःलाच येऊन मिळते, सुरुवात कुठे ते बोट फिरवूनही सापडत नाही. लालिबेला, गोंदर, अक्सुम अशी गावांवरून पडलेली घडणीची नावं दुकानदार सांगतात, ती ऐकून घ्या पण फार मनावर घेऊ नका, गोंदरच्या नावाचा क्रॉस अदिसच्याच कारागिराने केलेला असतो आणि त्यात काही वाईट नाही.

गळ्यातल्यात मात्र जरा बघून घ्या. स्वस्तातले जर्मन सिल्व्हरचे असतात, दिसायला चांदीसारखेच, ते तसे सांगून विकले तर काहीच हरकत नाही. चांदीचा म्हणत असतील तर समोर वजन करायला सांगा. तिकडची जुनी चांदी म्हणजे मारिया तेरेसा थालर, ऑस्ट्रियाच्या राणीचं नाणं, राणी वारली 1780 मधे आणि पुढे दीडशे-दोनशे वर्षं तेच 1780 साल घालून नाणं पाडत राहिले कारण इथिओपियासारख्या ठिकाणी लोकांचा भरवसा त्याच नाण्यावर होता. सोनार ते वितळवून दागिने करायचे. त्यात चांदी 83 टक्क्यांच्या आसपास, त्यामुळे झवेरी बाजारात नेऊन कस लावलात तर तिथला माणूस नाक मुरडणार, पण ती फसवणूक नव्हे, नाणंच तसं होतं. आणि गंमत म्हणजे 1940-41 मधे, युद्धाच्या धामधुमीत, हे थालर आपल्या फोर्टातल्या मुंबई टांकसाळीतही पाडले गेले! म्हणजे तिकडच्या कुठल्यातरी आजीच्या गळ्यातल्या क्रॉसमधे मुंबईत पाडलेलं नाणं असूही शकतं.

आणखी एक वस्तू आहे जी सहसा कोणी घेत नाही, चांदीचं कानकोरणं. वर छोटासा क्रॉस, खाली इवलीशी चमच्यासारखी वाटी, तिकडच्या बायका गळ्यात घालायच्या. आपल्याकडे जुन्या बायकांच्या चांदीच्या जुडग्यात कानकोरणं असायचं तसंच, त्यामुळे सासूबाईंना हे दाखवल्यावर त्यांनी कौतुक केलं पण क्रॉसकडे बघितलंच नाही, वाटीचा खोलगटपणाच तपासला.

भेट कोणाला द्यायची तेही बघून द्या. तिकडच्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांत मुलाचा बाप्तिस्मा चाळिसाव्या दिवशी आणि मुलीचा ऐंशीव्या दिवशी होतो, तेव्हा गळ्यात मातेब म्हणून दोरा बांधतात, आणि क्रॉस असतो तो त्या दोऱ्यात, म्हणून सोन्याच्या चेनपेक्षा काळ्या दोऱ्यात दिलात तर शोभतो. आमच्या वसईत शेजारच्या मावशींना मी हातातला छोटा लाकडी क्रॉस दिला, त्यांनी देव्हाऱ्यात नाही, फादरकडे नेऊन आधी आशीर्वाद मागितला. ज्यांना धर्माशी देणंघेणं नाही त्यांना भिंतीवरचा द्या, पण फॅशन म्हणून कानात लटकवायला पुजाऱ्याच्या क्रॉसचे डूल नकोत, ते मलातरी बरं वाटत नाही. (मत माझं आहे, दुकानदार डूलसुद्धा विकतात.)

सप्टेंबरअखेर गेलात तर बहुधा 27 तारखेला मेस्केल असतो, येशूला ज्यावर चढवलं त्या मूळ क्रॉसचा शोध लागला त्याचा सण, आदल्या संध्याकाळी मोठी होळी पेटवतात आणि सगळीकडे पिवळी फुलं असतात. गर्दीत सामान सांभाळा, खरेदी सण झाल्यावर करा. लालिबेला, अक्सुमकडे जायचं असेल तर आधी तिथली परिस्थिती विचारून घ्या, गेली काही वर्षं उत्तरेकडे शांतता नाही आणि पर्यटक नसल्याने तिथल्या कारागिरांचे हाल झालेत, म्हणून थेट त्यांच्याकडून घेता आलं तर घासाघीस थोडी कमी केलीत तरी चालेल.

दुकानदाराकडून पावतीवर "नवीन हस्तकला" असं लिहून घ्या, ती पावती क्रॉसबरोबर बॅगेत न टाकता पर्समधे ठेवा, आणि मिरवणुकीचा मोठा क्रॉस केबिनमधे नेऊ नका, टोकं असतात, चेक-इनमधे कपड्यांत गुंडाळून टाका. पुरवणीत पुन्हा कधी अशी चौकट छापलीत तर "अँटिक" हा शब्द तेवढा काढावा ही विनंती.

आपली,
एक वाचक, वसई