सोफा विकू नकोस, त्याला नेसव

सोलापूर,
रविवार दुपार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा वहिनींशी फोनवर बोलणं झालं. अप्पांचा सोफा काढून टाकायचं तुमचं जवळजवळ ठरलंय, एक्स्चेंजमध्ये त्याचं काहीच येत नाही आणि नवं रेक्झिन चढवायला कारागीर पंधरा हजार सांगतो, असं त्या म्हणाल्या. तेव्हापासून तो सोफा माझ्या डोक्यातून जात नाहीये. सुताराला घरी बसवून अप्पांनी सागवानाचा सांगाडा करून घेतला होता, ते मला चांगलं आठवतं. फोनवर हे सगळं सांगता येणार नाही, त्यात मापं आहेत, म्हणून सविस्तर लिहितोय. वाचून होईपर्यंत सोफा दाराबाहेर काढू नकोस, एवढं माझं ऐक.

आधी सांगाडा तपास. सोफ्याचा पुढचा एक कोपरा धरून वीतभर उचल. दुसऱ्या टोकाचा पुढचा पायही लगेच वर आला, तर सांधे घट्ट आहेत. तो जमिनीलाच टेकून राहिला आणि लाकूड कुरकुरलं, तर कापडाआधी सुताराला बोलाव. खाली बारीक भुकटी पडलेली दिसते का बघ, ती कीड लागल्याची खूण. मग बैठकीला नाक लावून वास घे. कुबट वास फोमच्या पोटातून येत असेल तर वर कितीही चांगलं कापड घातलंस तरी तो जाणार नाही, फोम बदलावाच लागेल. या तिन्ही गोष्टी ठीक असतील तर सोफा टाकण्याचं मला एकही कारण दिसत नाही.

रेक्झिन सोलवटलं यात तुमच्या वापराचा दोष नाही. हल्ली चामड्यासारखं दिसणारं जे कापड सोफ्यांना लावतात, त्यात विणलेल्या कापडावर बऱ्याचदा पॉलियुरेथेन नावाच्या प्लॅस्टिकचा पातळ थर असतो. हवेतला दमटपणा हळूहळू त्या थराचे बंध तोडतो, थर ठिसूळ होतो आणि पापुद्रे सुटू लागतात. तुमच्या रत्नागिरीत समुद्र दारात, पाऊस वर्षाला ३००० मिलिमीटरच्या पुढे, तिथे हे लवकर होणारच. तेल किंवा पॉलिश लावून तो थर परत जुळत नाही. आणि पंधरा हजार घालून पुन्हा तेच चढवलंस तर काही वर्षांनी पुन्हा तेच पापुद्रे झाडत बसाल. म्हणून मी म्हणतो, सुती कापड घाल, आणि न शिवता घाल.

न शिवता म्हटल्यावर तुला ते कामचलाऊ वाटेल. मला तसं वाटत नाही. दिवाळीच्या आधी आमचा सोफा आम्ही असाच केला. कापड खोचून झालं, पण हात आणि पाठ जिथे मिळतात त्या कोपऱ्यात त्याचा बोंगा उरत होता. आई बाजूला बसून बघत होती. ती उठली, बोंगा हातात घेऊन चार निऱ्या घातल्या, त्यांना एक पीळ दिला आणि खाचेत मनगटापर्यंत हात घालून खोचून टाकल्या. तो कोपरा आजतागायत हललेला नाही. जन्मभर नऊवारी नेसलेले हात आहेत ते. धोतर, लुगडं, फेटा, उपरणं, सगळी न शिवलेली वस्त्रं. काष्टा घालून बायका दिवसभर भातलावणी करतात आणि एक निरी सुटत नाही. कापडाला घडी, पीळ आणि ताण नीट दिला की ते जागेवर राहतं. शिवाय शिवलेलं कव्हर एकाच सोफ्याला बसतं. न शिवलेलं कापड सोडून धुता येतं, उलटं घालता येतं, उद्या सोफा बदलला तर पलंगावर जातं.

आता कापड. मी सोलापूरचा, म्हणून चादरीचंच नाव घेणार, पण त्याला कारण आहे. न शिवता काम करायचं तर काठ उसवणारं कापड चालत नाही. थानातून कापलेल्या कापडाला कडा दुमडाव्या लागतात, नाहीतर इस्त्रीने चिकटणारी पट्टी लावावी लागते. चादर मागावरूनच पक्क्या काठांची उतरते आणि तिची टोकंही तयार असतात. जेकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, विणलेली असल्यामुळे दोन्ही बाजूंनी नक्षी येते, फक्त रंग उलटे होतात, म्हणजे एका कापडात दोन सोफे. जाड असल्यामुळे खालच्या सुरकुत्या आणि खड्डे झाकले जातात. आमच्याकडे पेठेत फिरलं की विणकरांच्या दुकानांत किरकोळ धाग्याच्या दोषाची चादर बऱ्याच कमी दरात मिळते, आणि सोफ्यावर तो दोष नजरेसही पडत नाही. मला तीन चादरी दोन हजारांच्या आत पडल्या.

तीनच का, ते सांगतो. नेहमीची चादर ६० बाय ९० इंचांची. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन-पाच आटतं, म्हणून आधी धुऊन, वाळवूनच माप घ्यायचं. त्याच वेळी ओला पांढरा रुमाल चादरीवर घासून बघ. रुमालाला रंग लागला तर अजून एक-दोन धुणी होऊ दे, नाहीतर पाहुण्यांचे पांढरे कपडे रंगतील. सोफ्याचं माप टेपने घेऊ नकोस, सुतळीने घे. पाठीच्या मागून सुतळी वर आण, पुढे उतरव, पाठ आणि बैठक यांच्या खाचेत बोटाने आत ढकल, पुन्हा वर आण, बैठकीवरून पुढच्या पट्टीवर सोड, आणि मग ती सुतळी मोज. आमच्याकडे मागे १२, पाठ २०, खाचेत खाली-वर मिळून १२, बैठक २२ आणि पुढे १४, असे ८० इंच झाले. सोफा भिंतीला लागून असल्यामुळे मागे जमिनीपर्यंत कापड सोडायची गरज नाही. आटलेल्या चादरीतही ८० इंच आरामात बसतात.

दोन हातांमधली बैठक साधारण साडेपाच फूट असते. एक चादर तिला पुरत नाही, म्हणून दोन चादरी शेजारी घालायच्या आणि मध्ये वीतभर एकावर एक घ्यायच्या. तिसरी चादर मधोमध कापायची. दोन तुकडे दोन हातांना. कापलेली कड आतल्या खाचेत जाते, म्हणून ती उसवली तरी कोणाला दिसत नाही. हे हातांचे तुकडे आधी घाल, मोठ्या चादरी नंतर. त्यामुळे सगळे जोड खाचेत लपतात.

पण रेक्झिनवर कापड घसरतं. लहान मूल उठलं-बसलं की चादर पुढे आली, हा अनुभव तुला येईल असं धरूनच चाल. पापुद्रे हाताने निघतील तेवढे काढ, वर अप्पांचं जुनं धोतर असेल तर ते दुहेरी करून अंथर, नाहीतर बारीक कण चादरीतून वर येत राहतात. त्यावर बैठकीच्या मापाची रबरी जाळी टाक, गालिच्याखाली घालतात ती. मग चादर. खाचेत नुसतं कापड राहत नाही, ते आत दाबून धरायला काहीतरी लागतं. लोक वर्तमानपत्राची घट्ट गुंडाळी घालतात. तुझ्याकडे ती ओल धरेल, म्हणून काथ्याचा जाड दोर घे. तो तिथे कुठेही मिळतो आणि दमट हवेत टिकतो. अर्धा इंची पीव्हीसी पाइप खाचेच्या लांबीचा कापून घेतलास तरी चालेल. सोफ्याच्या मागे कापड धरायला पीळदार पिना मिळतात, त्या किंवा सेफ्टी पिना, पण स्टेनलेस स्टीलच्याच. खाऱ्या हवेत साध्या पिनेला गंज चढतो आणि गंजाचा डाग कापडावरून निघत नाही. स्टेपल गन मात्र वापरू नकोस. ठोकलेलं कापड धुवायला काढता येत नाही, आणि ज्या घरात मुलं आणि म्हातारी माणसं आहेत तिथे धुता न येणारं कापड मला पटत नाही.

पावसाळ्याचं वेगळं बघायला हवं. सोलापुरी चादर इथे कडक उन्हात पटकन वाळते, तुझ्याकडे आषाढात ती चार-चार दिवस ओलीच राहील. म्हणून जून ते सप्टेंबर पातळ सुती डबलबेडची चादर घाल. १०८ बाय १०८ इंचांची एक घेतलीस तर पाठ आणि बैठक मिळून त्यातच होते, मध्ये जोडही लागत नाही. गणपतीला पाहुणे येणार, त्यांच्यासाठी वाटलं तर त्यावर जाड चादर चढव. आश्विनात पुन्हा जाड.

बैठक मध्ये खचली असेल तर गादी उचलून खाली ६ मिलिमीटरची प्लायवूडची फळी सरकव. स्वस्तात त्याइतका फरक दुसऱ्या कशाने पडत नाही. पुढेमागे फोम घ्यायचा झाला तर डेन्सिटी विचार. ती म्हणजे एका घनमीटर फोमचं किलोतलं वजन, आणि रोजच्या बैठकीला ४० तरी हवी. त्याहून हलका फोम लवकर दबतो.

उशांचं काम वहिनींना आवडेल. काकूंच्या जुन्या सुती साड्या कपाटात असतीलच. १६ इंची उशीला साधारण ४० इंचांचा चौकोन लागतो. कापड पाटासमोरच्या रांगोळीसारखं तिरकं अंथरायचं, मध्ये उशी ठेवायची, समोरासमोरची दोन टोकं उशीवर दुमडायची आणि उरलेल्या दोन टोकांची वर गाठ मारायची. गाठीचे शेव आत खोचले की झालं. एका साडीत चार उशा सहज होतात, पदर वेगळा राहतो. जरीचा पदर उशीला वापरू नका, गालाला टोचतो. काकूंना आधी विचारा मात्र, कुठली साडी कापायची ते त्यांनीच ठरवू दे.

अप्पा त्या सोफ्यावर उजव्या टोकाला बसून पेपर वाचायचे आणि आपण दहावीची गणितं घेऊन खाली बसायचो. तो सोफा तुझ्या मुलीच्याही दहावीला घरात असावा असं मला मनापासून वाटतं.

तू आज फक्त सुतळीचं माप घे आणि मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाक, बैठकीची रुंदी वेगळी लिही. वहिनींना रंग विचार. मरून-पिवळा आणि हिरवा-काळा असे दोन मी बघून ठेवलेत. चादरी मी इथे धुऊन, आटवून एसटीच्या पार्सलने पाठवतो. जाळी आणि दोर तू तिकडेच घे. काकूंना माझा नमस्कार सांग, छोटीला आशीर्वाद.

तुझाच,
सोलापूरकर