हेल्मेट नीट बसले आहे का, हे पालकांनीच पाहावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

गेली चौदा वर्षे मी टेक्सासमध्ये राहते आणि माझा धाकटा मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉल संघात खेळतो. ऑगस्टमध्ये सराव सुरू झाला की इथल्या मराठी घरांतून एक वाक्य हमखास ऐकू येते : ‘एवढी हेल्मेट, एवढे पॅड असतात, मग लागणार काय?’ नागपूरहून माझी आईही फोनवर हेच म्हणते. हा दिलासा अर्धवट आहे आणि म्हणूनच धोक्याचा आहे.

पॉलिकार्बोनेटचे कठीण कवच, आतल्या गाद्या, तोंडापुढची धातूची जाळी आणि हनुवटीवर आवळलेला पट्टा असलेले हे हेल्मेट मुळात कवटी फुटू नये म्हणून घडवलेले आहे आणि ते काम ते चोख करते. परंतु धडकेने डोके गर्रकन फिरले की कवटीच्या आत मेंदूला हिसका बसतो. तो हिसका बाहेरच्या कवचाने पुरता थांबत नाही. ‘कन्कशन’, म्हणजे मेंदूला हादरा बसून होणारी इजा, होते ती यामुळे. कोणतेही हेल्मेट डोक्याच्या वा मानेच्या सगळ्या गंभीर दुखापती टाळू शकत नाही, असा इशारा उत्पादक स्वतःच हेल्मेटवर चिकटवतात, पण तो वाचणारे पालक मला फारसे भेटलेले नाहीत.

कठीण हेल्मेटमुळे एकेकाळी वेगळीच आफत ओढवली होती. डोके सुरक्षित आहे असे वाटू लागल्यावर खेळाडू डोकेच पुढे करून समोरच्यावर आदळू लागले. १९६८ या एका वर्षात सर्व स्तरांवर मिळून ३६ खेळाडू मैदानावरील थेट दुखापतींनी दगावले. १९७३ मध्ये हेल्मेटच्या चाचणीचे निकष ठरले, १९७६ मध्ये शालेय व महाविद्यालयीन खेळात डोक्याने धडक देण्यास मनाई झाली आणि १९९० मध्ये असा एकही मृत्यू नोंदला गेला नाही. नुसते साहित्य सुधारून हे साधले नसते, असे माझे ठाम मत आहे.

गेल्या वर्षी सरावाच्या पहिल्या आठवड्यात मुलाने हेल्मेट घरी आणले. त्याच्या डोक्यावर ते असताना मी दोन्ही हातांनी जाळी धरून हळूच डावी-उजवीकडे फिरवली, तर हेल्मेट फिरले आणि कपाळ होते तिथेच राहिले. हेल्मेट नीट बसले असेल तर त्याच्याबरोबर कपाळाची कातडीही ओढली जाते, पुढची कड भुवयांच्या साधारण एक इंच वर राहते आणि बाजूच्या गाद्या गालांना घट्ट टेकतात. माप घेतल्यानंतर मुलाने केस बारीक कापले होते आणि आतल्या हवेच्या पिशव्यांमधली हवाही उतरली होती. आत पाहिले तर डागडुजी व फेरतपासणीच्या चिठ्ठीवर चार वर्षांपूर्वीचे साल होते. प्रशिक्षकांशी बोलल्यावर दुसऱ्याच दिवशी ते बदलून मिळाले, परंतु मी हात लावला नसता तर कुणाच्या लक्षात आले असते, हा प्रश्न अजून मनातून जात नाही.

पॅडचेही तसेच. खांद्यांचे जाड पॅड आणि हेल्मेट चढवल्यावर घाम वाळत नाही, अंग तापत जाते. मिनेसोटा वायकिंग्ज या संघाचा कोरी स्ट्रिंगर २००१ मध्ये सरावादरम्यान उष्माघाताने गेला, तो तर व्यावसायिक खेळाडू होता. म्हणून पहिले काही दिवस केवळ हेल्मेट घालून आणि मग टप्प्याटप्प्याने पूर्ण पॅड चढवून सराव घेतात. आपल्या मुलाच्या शाळेत हा क्रम पाळला जातो का, हे विचारण्यात संकोच कशाला?

धडकेनंतर डोके दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, तर मुले बाकावर बसावे लागेल या भीतीने ते लपवतात. भारतातल्या आजी-आजोबांना माझी विनंती आहे, की सामना कोण जिंकले हे विचारण्याआधी डोके दुखते का, हे विचारावे. माझ्या मुलाने ते मला सांगितले नव्हते, त्याच्या आजीला सांगितले.

आपली,
एक पालक, डॅलस (टेक्सास)