क्रूझवर पाऊस लागला तर?

संपादक महोदय,

तुमच्या पर्यटन पुरवणीत नदीवरच्या क्रूझचे फोटो येतात ते सगळे कसे लख्ख उन्हातले, पण पाऊस लागला की काय होतं ते कुणीच लिहीत नाही म्हणून हा पत्रप्रपंच. आम्ही जर्मनीतल्या ऱ्हाइन-माइन-डॅन्यूब कालव्यात होतो तेव्हा सकाळपासून जी झड लागली ती थांबेचना, वरचा डेक बंद, खुर्च्या घडी करून बांधलेल्या आणि सगळी जनता लाउंजच्या काचांना नाक लावून बसलेली. खरं सांगू का, मला तोच दिवस जास्त आवडला! हा कालवा १९९२ साली पूर्ण झाला, त्यात १६ लॉक (पाणी भरून किंवा सोडून बोट वर-खाली करणारे दारांचे हौद) आहेत, लॉक १२ मीटर रुंद आणि बोट जवळपास साडेअकरा, म्हणजे दोन्हीकडे जेमतेम वीत-दीड वीत जागा, खिडकीबाहेर शेवाळलेली ओली भिंत अगदी हाताशी. आणि ठेंगणा पूल आला की कॅप्टनची केबिनच खाली सरकते, हे तर बघण्यासारखं.

पण तक्रार आहेच. वरच्या भागात जोरदार पाऊस झाला की नदी चढते, पुलाखालून बोट जात नाही, मग पुढची ट्रिप चक्क बसने! पाणी फार उतरलं तरी तेच. एजंट लोक बुकिंगच्या वेळी यावर चकार शब्द काढत नाहीत, बारीक अक्षरात कुठेतरी असतं. पुरवणीत एखादी चौकट याचीही टाका ना, आणि रेनकोट घ्या म्हणावं, छत्री नको, उतरायच्या अरुंद फळीवर छत्र्या नुसत्या एकमेकींत अडकतात.

– एक नियमित वाचक