खत नको, उजेड द्या

महोदय,

घरातल्या फुलझाडांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. आफ्रिकन व्हायोलेटसारखी नाजूक झाडे सावलीत ठेवावीत, रोज थोडे पाणी द्यावे आणि फुले थांबली की खत वाढवावे, असे त्यात म्हटले आहे. यातला पहिला सल्ला अर्धाच खरा आहे. उरलेले दोन झाडाच्या जिवावर उठणारे.

सावलीची समजूत कुठून आली ते कळते. ही झाडे मूळची टांझानिया-केनियाची. उसांबारा डोंगरातून त्यांचे बी १८९२ मध्ये जर्मनीला गेले. मूळ डोंगरात ती रानातल्या शेवाळल्या खडकांवर, झाडांच्या आडोशाला वाढतात. पण रानातली सावली वेगळी आणि खोलीतला कोपरा वेगळा. खिडकीपासून चार हात आत गेले की उजेड किती झपाट्याने घटतो, हे आपल्या डोळ्यांना कळतच नाही, झाडाला कळते. देठ लांबून पाने वर उभी राहिली, की उजेड कमी पडतोय हे ओळखावे. अशा झाडाला खत घालून काय होणार? न वापरलेले क्षार मातीत साचून मुळे तेवढी करपतात. खिडकी नसेल तर वीतभर उंचीवर दिवा लावून बारा ते चौदा तास उजेड द्यावा. रात्रीचा अंधारही तितकाच गरजेचा, दिवा चोवीस तास ठेवू नये.

पाण्याचे तर विचारूच नका. मुळे कुजली तरी पाने मलूल होतात, आणि झाड तहानले समजून माणूस आणखी पाणी ओततो! आधी माती चाचपावी. वरचा थर कोरडा लागला तरच पाणी द्यावे. पाणी गार नको. ते पानावर पडले तर तिथे फिकट डाग उमटतात, ते कायमचे.

रोपे करण्याची माहिती लेखात दोनच ओळींत उरकली आहे. पान निवडताना अगदी बाहेरचे जून नको, अगदी गाभ्यातले कोवळेही नको. मधल्या फेरीतले घ्यावे. देठ अडीच सेंटिमीटर ठेवून तिरका छेद द्यावा आणि दमट कोकोपीट-परलाईटमध्ये (नारळाचा भुसा आणि हलके पांढरे खनिजी दाणे यांच्या मिश्रणात) तिरपे खोचून वर पारदर्शक झाकण घालावे. महिनाभरात मुळ्या धरतात, पिल्ले, म्हणजे नवी छोटी रोपे, दिसायला दोनेक महिने लागतात. तोवर पान उपटून बघण्याचा मोह आवरावा. मात्र पाकळ्यांवर चक्राकार पट्टे असलेल्या जाती पानापासून जशाच्या तशा येत नाहीत. त्यासाठी झाडाच्या बुडाशी येणारे फुटवेच लावावे लागतात. कुठलीही जात पानापासून तयार होते, हे लेखातले विधान म्हणूनच चुकीचे आहे. रंगीत पानांच्या रेक्स बिगोनियाची रोपे करायला देठाचीही गरज नाही. पानाच्या मागच्या शिरांना छेद देऊन ते ओल्या मिश्रणावर सपाट टेकवले की छेदांतून रोपे उगवतात.

ग्लॉक्सिनियाचा उल्लेख लेखात आहे, पण त्याच्या कंदाचा नाही. बहर संपला की त्याची पाने पिवळी पडतात आणि लोक झाड मेले म्हणून कुंडी रिकामी करतात. पाणी हळूहळू तोडून कंद कोरड्या जागी ठेवला, की दोन-तीन महिन्यांत पुन्हा कोंब येतो. पुढच्या पुरवणीत निदान एवढा खुलासा तरी छापावा. बहर ओसरलेल्या कुंड्या तोवर कुणी फेकू नयेत.

– एक वाचक