पत्रावळीवाल्या मावशींना, पळसाच्या डब्याबद्दल

मावशी,

सप्रेम नमस्कार. नागपूरच्या इतवारी बाजारात तुमच्या गाठोड्याशेजारी बसून डोकं खाणारा तो मीच. तुमचा नातू मोबाइलवर वाचून दाखवेलच, म्हणून जाहीर लिहितो.

डबा लपवून त्याचं कोडं रचतोय म्हटल्यावर 'हा कसला खेळ म्हणायचा?' असं तुम्ही विचारलं होतं, आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत सांगायचं राहिलं. इंग्लंडात डार्टमूरच्या माळावर जेम्स पेरट नावाच्या वाटाड्यानं १८५४ मध्ये क्रॅनमियर पूलपाशी एक बाटली ठेवली. तिथवर पोचणाऱ्यानं आपलं कार्ड त्यात टाकायचं. लेटरबॉक्सिंग निघालं ते त्यातून. आता डब्यात वही आणि रबराचा कोरीव शिक्का असतो. कोडं सोडवत डबा गाठायचा, त्याचा शिक्का आपल्या वहीत, आपला त्याच्या वहीत, आणि डबा जागच्या जागी.

आमचा डबा हिंगण्याकडे मित्राच्या शेतात, धुऱ्यावरच्या पळसाजवळ. कोडं फुलांवर रचावं असं मनात होतं. तुम्ही म्हणालात, "फुलं पाहून तं कोणीबी ओळखते. पावसाळ्यात आलेल्या पोराले काय दिसन?" खरंच, फुलांचा मोसम फेब्रुवारी-मार्चचा, बाकी वर्षभर काय?

मग गाठोड्यातलं पान काढून तुम्ही उजेडात धरलंत. मधलं दल मोठं, दोन्ही अंगांनी सारखं. बाजूची दोन वाकडी, एक अंग भरलेलं, दुसरं निमुळतं. पळसाला पानं तीनच हे सगळेच म्हणतात, ती तीन एकमेकांसारखी नाहीत हे मला तुम्ही दाखवलंत. खोडावरच्या जुन्या घावातून लाल डिंक येतो, तोच बाळंतिणीच्या लाडवातला कमरकस, हेही तुमचंच. एवढ्या पळसांतून आमचं झाड ओळखायला या खुणेचाच उपयोग झाला. कोडं असं झालंय:

मधला थोर, बाजूचे वाकडे,
होळीला रंग, पोळ्याला मेढे,
जुन्या घावातून लाल जो गळे,
उगवतीला त्याच्या दगडाखाली मिळे.

शिक्क्यावर तेच पान कोरलंय. काठ सुरीनं नीट वळत नव्हते, म्हणून थोडे जाडच राहिले. तुम्हाला खपणार नाहीत, ठाऊक आहे.

त्या दिवशी पानांचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. येत्या रविवारी शेतावर पोरं जेवायला आहेत, पन्नास पत्रावळी लागतील. त्यांचे मात्र घ्यावेच लागतील.

आपला,
डबेवाला