ज्याला काळजी म्हटले, तो पाठलागच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत अमेरिकेतील अमिश या मोटारीऐवजी घोडागाडी वापरणाऱ्या, साध्या राहणीच्या ख्रिस्ती समाजाच्या पार्श्वभूमीवरील एका इंग्रजी रहस्यकादंबरीची ओळख ‘हळुवार प्रेमाची किनार असलेली कथा’ अशी करून देण्यात आली होती. तो लेख वाचूनच साताऱ्यातील आमच्या महिला वाचनकट्ट्याने ती कादंबरी निवडली. आठ जणींनी ती वाचली आणि त्या हळुवारपणाबद्दल आमच्यात बराच वाद झाला. असा साचा एकाच पुस्तकापुरता नसल्याने नाव मुद्दाम लिहीत नाही.

खुनाची उकल चांगली रचली आहे, हे मान्य. खटकतो तो तपास अधिकारी. पेन्सिल्व्हेनियातील लँकेस्टर परगण्यात बेकरी चालवणाऱ्या अमिश विधवेवर त्याचे मन बसते. तिच्यावरचा संशय केव्हाच फिटलेला असतो, तरीही तो रात्री-अपरात्री तिच्या घरासमोर गाडी उभी करून कोण आले, कोण गेले यावर नजर ठेवतो, तिला आलेले पत्र तिच्याआधी उघडतो आणि ‘मला विचार करायला वेळ हवा’ असे ती म्हणाली की ते लाजणे समजून हसण्यावारी नेतो. खुनाचा मुख्य धागा, म्हणजे हिशेबवहीतील फाडलेले पान, तिनेच शोधलेला असतो. पण शेवटी ती धान्याच्या कोठारात अडकते, तो येऊन सोडवतो, आधी रागावतो आणि लगेच लग्नाचे विचारतो. ती ओशाळून होकार देते.

‘तो समाजच जुन्या वळणाचा, त्याला लेखिका काय करणार?’ असे आमच्यातील एका ताईंचे म्हणणे पडले. पण हा अधिकारी अमिश नाहीच! तो बाहेरचा, मोटार आणि मोबाइल वापरणारा गृहस्थ आहे. त्याची अरेरावी घोडागाडी आणि पांढऱ्या टोपीच्या आड लपवणे हा त्या समाजावरही अन्यायच आहे. तेथे धर्मोपदेशक पुरुषच होतात, घटस्फोटाला मान्यता नाही, शाळा आठवीपर्यंतच. यावर टीका जरूर व्हावी. मात्र बाप्तिस्मा तेथे जाणत्या वयात, स्वतःच्या इच्छेने घेतला जातो आणि उपदेशकपदासाठी नावे सुचवताना स्त्रियांचेही मत घेतले जाते.

शिवाय बाप्तिस्मा घेतलेल्या अमिश स्त्रीने समाजाबाहेर लग्न केले, तर तिला बहिष्कृत केले जाते आणि अनेक ठिकाणी आप्तांबरोबर एका टेबलावर बसून जेवणेही बंद होते. म्हणजे नायिकेच्या त्या एका ‘हो’ची किंमत तिचे माहेर, सासर आणि गिऱ्हाईक एवढी मोठी आहे. लेखिकेने त्यावर जेमतेम दोन ओळी खर्च केल्या आहेत आणि नायकाने तर तिला याबद्दल एक प्रश्नही विचारलेला नाही. माझ्या मते पुस्तकातील सर्वांत मोठा दोष हाच.

यावरून अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा 1972 चा एक निकाल आठवतो. आठवीनंतर मुलांना शाळेत न पाठवण्याची मुभा अमिश पालकांना त्याच निकालाने मिळाली. तेव्हा न्यायमूर्ती डग्लस यांनी अंशतः भिन्नमत नोंदवले आणि मुलांना स्वतःला काय हवे ते विचारले का, असा प्रश्न केला. ज्या एका मुलीने साक्षीत स्वतःचे मत सांगितले होते, तिच्यापुरतेच ते निकालाशी सहमत झाले. पन्नास वर्षांपूर्वी न्यायाधीशाला जे सुचले, ते आजच्या कादंबरीतील नायकाला सुचू नये?

आपल्याकडे 2013 मध्ये पाठलाग हा भारतीय दंड संहितेत स्वतंत्र गुन्हा झाला आणि आता तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये आहे. नकार स्पष्ट दिसत असूनही स्त्रीच्या मागे जाणे, पुन्हा पुन्हा संपर्क साधणे त्यात मोडते. साताऱ्याच्या एस.टी. स्टँडवर महाविद्यालयातून परतणाऱ्या मुलींच्या मागे लागणारी पोरेही ‘प्रेम आहे’ असेच सांगतात. त्याच मुलींच्या हाती हे पुस्तक ‘हळुवार’ म्हणून जाणार आहे.

पुस्तकावर बंदी घाला, असे आम्ही म्हणत नाही. आमच्यातील दोघींना तर त्याचा पुढचा भागही वाचायचा आहे. पुरवणीत त्याची ओळख देताना नायक कसा वागतो, हेही दोन वाक्यांत यावे, एवढीच विनंती आहे.

आपली,
एक वाचक, सातारा